शेवटच्या स्वाराचा वेग

रात्रीच्या सामूहिक सायकल राईडमध्ये मार्शलचे पहिले काम मोजणीचे असते. निघताना जितके स्वार होते तितकेच प्रत्येक थांब्यावर उतरले का, एवढे त्याला खात्रीने सांगता आले पाहिजे. दिवसा मागे पडलेला माणूस मान वळवली की दिसतो. रात्री तो एक लाल दिवा असतो आणि वळणाआड गेला की तोही उरत नाही.

ऑडॅक्स प्रकारच्या लांब राईड मुळात गटाच्याच होत्या. रस्ता-कप्तान पुढे राहून सर्वांना ठरलेल्या वेगाने नेत. 1904 साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनने 1921पासून मुक्त वेगाच्या राईड सुरू केल्या. आज महाराष्ट्रात होणाऱ्या 200 ते 600 किलोमीटरच्या ‘बीआरएम’ नावाच्या राईड त्याच वंशातल्या. तिथे 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, रात्री दिवे आणि चमकणारे जॅकेट सक्तीचे असते आणि वाटेतल्या अडचणी ज्याच्या त्याने निस्तरायच्या असतात. म्हणून चांगला बीआरएम स्वार आपोआप चांगला मार्शल होत नाही. एकट्याने निभावून नेण्याची त्याला सवय झालेली असते. मार्शलला मात्र दुसऱ्याचे पंक्चर आपले मानावे लागते. स्वयंसेवक निवडताना पायातल्या जोरापेक्षा हा स्वभाव पाहावा. दुसरी अट झोपेची. दिवसभर काम करून थेट सायकलवर बसणारा पहाटे तीननंतर स्वतःलाच सांभाळू शकत नाही. दुपारी दोन-तीन तास झोप न झालेल्या स्वयंसेवकाला त्या रात्री साधा स्वार म्हणूनही नेऊ नये, मग तो कितीही जुना असो.

दहा-बारा स्वारांमागे एक मार्शल पुरतो. पुढचा तो लीड, सर्वांत मागचा स्वीप, बाकीचे मधे विखुरलेले. नवखे आयोजक सर्वांत अनुभवी माणूस पुढे ठेवतात. तो मागे हवा. पुढच्याला वाट दाखवायची असते आणि वाट बहुतेकांना ठाऊक असते. मागच्यापाशी थकलेला, सायकल बिघडलेला, मळमळणारा, घाबरलेला असा प्रत्येक जण येतो आणि तिथला निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. गटाचा वेगही स्वीपकडूनच ठरावा. मागून ‘हळू’ असा निरोप आला की लीडने कारण विचारत बसू नये.

नगर ते शिर्डी ही ऐंशीहून थोड्या अधिक किलोमीटरची वाट उदाहरणादाखल घेता येईल. रात्री दहाच्या सुमारास निघालेला गट ताशी 16 ते 18 किलोमीटरने, तीन थांबे घेत, पहाटे शिर्डीत शिरतो. नागापूर एमआयडीसी मागे पडली की विळद घाटाचा उतार लागतो. घाट मोठा नाही, पण ताजे पाय आणि थंड वारा यांमुळे गट इथेच फाटतो. मार्शलने उताराआधी सर्वांना थांबवावे, दोन सायकलींत निदान पाच-सहा सायकलींचे अंतर ठेवायला सांगावे आणि पायथ्याशी पुन्हा मोजावे. दक्षिण-उत्तर जाणारे कंटेनर याच रस्त्याने रात्रभर धावतात, तेव्हा पायथ्याचा थांबा डांबरापासून आत, शक्यतो एखाद्या बंद हॉटेलच्या अंगणात असावा.

या जिल्ह्यातला खरा धोका मात्र उसाचा आहे. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नंतर साऱ्या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. गळीत हंगामात राहुरी, कोल्हार, बाभळेश्वरच्या टप्प्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैल जुंपलेल्या टायरगाड्या रात्रभर चालू असतात. कित्येकांच्या मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो पाचटाने झाकलेला असतो. लोंबकळणारा ऊस सायकलच्या दिव्यात अगदी जवळ आल्यावरच दिसतो आणि रस्त्यावर पडलेली कांडी पुढच्या चाकाखाली लाटण्यासारखी फिरते. ट्रॉलीला मागे टाकायचे की नाही, हे एकेका स्वाराने ठरवू नये. लीडने मागचा रस्ता मोकळा असल्याचा निरोप स्वीपकडून घ्यावा आणि मगच गट पुढे काढावा. तो निरोप येत नसेल तर दोन किलोमीटर ट्रॉलीच्या मागे रांगत जावे. कोजागरीची राईड हंगामाच्या अलीकडे येते, पण तिचे वेगळे दुखणे असते. पावसाने उखडलेला रस्ता आणि झाडांच्या चांदणसावल्या यांत खड्डा कोणता, सावली कोणती, हे कळत नाही.

हाताच्या खुणा अंधारात निरुपयोगी ठरतात. ‘खड्डा उजवीकडे’, ‘मागून गाडी’ असे मोजके शब्द आधी ठरवून प्रत्येकाने मागच्यापर्यंत पोहोचवावेत. शिट्टीची एकच खूण ठेवावी: थांबा. गटातले मागचे दिवे लुकलुकते नसावेत. सतत मिचमिचणारा दिवा मागच्याचे डोळे थकवतो आणि अंतराचा अंदाज चुकवतो. वाहतूक अडवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे. मार्शलने फाट्यावर आपल्या लोकांना थांबवावे, ट्रकसमोर हात करून उभे राहू नये.

थांब्याची शिस्त वारीकडून घ्यावी. माउलींच्या पालखीत रथापुढे 27 दिंड्या ठरल्या क्रमाने चालतात, मागच्यांचाही क्रम ठरलेला. मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात. जिची तक्रार असेल त्या दिंडीचे टाळ वाजत राहतात आणि चोपदार तिच्यापाशी जाऊन ऐकून घेतो. राईडमध्येही वेगाची, रागाची, दुखण्याची बोलणी थांब्यावर व्हावीत, चालत्या सायकलीवर नाही. चहा हातात येण्याआधी मोजणी आणि मग एकच प्रश्न: कोणाला काय होते आहे? जो गप्प बसून चहाही घेत नाही, त्याच्याकडे मार्शलने स्वतः जावे.

राईड सोडणे सोपे असावे. कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ कोणी ‘आता होत नाही’ म्हणाला, तर समजूत घालत बसू नये. सायकल गटामागून येणाऱ्या मदतीच्या गाडीत चढवावी, माणसाला बसवावे आणि बदललेला आकडा सर्व मार्शलांना कळवावा. हा आकडा कळवायचा राहिला की पुढच्या थांब्यावर एका सुखरूप माणसाचा अंधारात शोध सुरू होतो. परत नगरला जाणाऱ्याला एकट्याने कधीही सोडू नये.

शिर्डीत पोहोचल्यावर फोटो निघतात, काही जण थेट दर्शनाच्या रांगेकडे वळतात. स्वीप तोवर राहात्याच्या आसपास कोणाची तरी साखळी बसवत असू शकतो. तो येऊन शेवटचा आकडा सांगेपर्यंत एकाही स्वाराने जागा सोडू नये.