निळ्या फुलांची गुंडाळी

पट्टी गुंडाळायला दोन माणसं लागतात. एकानं टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं समोर बसून मांडीवर घट्ट गुंडाळत यायचं. आमच्या घरी टोक धरण्याचं काम माझं होतं. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी वाशिमजवळच्या मालेगावच्या घराच्या ओसरीत बसायचे, धुऊन वाळवलेल्या पट्टीचं टोक दोन्ही मुठींत पकडायचे आणि चार हातांवर बसलेली आई गुंडाळत गुंडाळत माझ्याकडे सरकत यायची. मी जरा ढील दिली की ती थांबायची. बोलायची काही नाही, नुसती पाहायची. मग मी पुन्हा ताणायचे. शेवटच्या वेढ्याला तिची बोटं माझ्या बोटांना लागायची आणि टोक माझ्या हातातून सुटायचं.

त्या पट्ट्या बाजारातल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या नाझरीन मंडळीच्या बायका घरातल्या जुन्या चादरी, उशांचे अभ्रे धुऊन त्यांच्या लांब पट्ट्या फाडायच्या, गुंडाळायच्या आणि खोक्यांत भरून परदेशातल्या मिशनच्या दवाखान्यांना पाठवायच्या. चर्चच्या खोलीत एकत्र बसून त्यांचं हे काम चालायचं. आमच्याकडे गोधड्या शिवायला जशा बायका जमतात तसंच ते असावं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत आहे आणि ती बदलावीशी कधी वाटली नाही. बोटीनं समुद्र ओलांडून, मग रेल्वेनं ती खोकी वाशिमच्या रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखान्यात पोचायची. आई तिथं नर्स झाली. लग्न होऊन मालेगावला आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत दोन पातळं, मराठी बायबल, गीतांचं पुस्तक आणि मेट्रनबाईंनी हौसेनं दिलेल्या बारा गुंडाळ्या होत्या.

अकरा पांढऱ्या होत्या. बारावी उलगडली तेव्हा तिच्यावर बारीक निळी फुलं निघाली. कुणाच्या तरी निजायच्या चादरीवरची. कुणी पाठवली, कोणत्या गावाहून, काही कळायला मार्ग नव्हता. आईनं ती पुन्हा गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. त्या रात्रीपासून घरच्या प्रार्थनेत एक नाव वाढलं, आणि ते नावही नव्हतं. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं, पाळकसाहेब, गावातली बाळंतीण, एवढी सगळी झाली की आई शेवटी म्हणायची, "आणि प्रभू, निळ्या फुलांची चादर जिची होती, त्या बाईला सांभाळ." चाळीसहून अधिक वर्षं मी हे वाक्य ऐकलं. ती बाई कधीच वारली असेल, असं एकदा मी म्हणाले. आई म्हणाली, "मग तिच्या लेकीसुनांना सांभाळ."

आमच्या ख्रिस्ती मराठीत उपकारस्तुती म्हणून एक शब्द आहे. सुगीला, नातळाला, मूल झालं की, आजारातून उठलं की उपकारस्तुतीची सभा असते. आईची उपकारस्तुती रोजची होती आणि तिला पत्ता नव्हता.

तिला कारणही तसंच होतं. आईचा जन्म 1940 चा. आजी अडली. दोन दिवस कळा येऊन मूल सुटेना, सुईणीनं हात टेकले. आजोबांनी बैलगाडीत कडबा पसरला, त्यावर आजीला आडवं केलं आणि रात्रीच गाडी वाशिमच्या वाटेला लावली. तेव्हा इंग्रजी कागदांवर वाशिमचं नाव बासीम होतं. मिशनचा दवाखाना सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली अमेरिकेतून वऱ्हाडात आल्या आणि 1938 साली, मेथडिस्ट मिशननं सोडलेल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी दवाखाना मांडला. दवाखान्याला नाव पडलं हायरम रेनॉल्ड्स यांचं. ते नाझरीन चर्चचे मोठे अधिकारी आणि मिशनकार्याचे जुने आधार, आणि त्याच साली ते वारले होते. पुढं जवळजवळ चाळीस वर्षं स्पायकरबाई तिथं राहिल्या. एखाद्या परक्या गावात दोन-चार महिने जाऊन येणं निराळं आणि आयुष्यातला कर्तेपणाचा सगळा काळ तिथं घालवणं निराळं.

आजोबा सांगायचे ते एवढंच. पहाट होत होती. कंदील घेऊन एक गोरी बाई दारात आली, तिनं आजीच्या पोटावर हात ठेवला आणि मराठीत विचारलं, "कुठं दुखतं, बाई?"

ती डॉक्टर होती की नर्स, हे आजोबांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण तो प्रश्न ते विसरले नाहीत. मूल जगलं, आजी जगली. आजोबांनी आठवड्याभरानं ज्वारीचं पोतं नेऊन दिलं. मला या सगळ्यात राहून राहून त्या तीन शब्दांचंच नवल वाटतं. परदेशातून आलेल्या मिशनरीला आधी भाषा शिकावी लागे. पंडितजींपुढं बसून मुळाक्षरं, मग वाचन, मग परीक्षा. वयाची पंचविशी-तिशी गाठलेली, आपल्या देशात शिकून-सवरून मोठी झालेली माणसं इथं येऊन 'ळ' म्हणायला शिकत होती. बाळ, कळ, वेळ, बाळंतीण. या अक्षराशिवाय आमच्याकडं कुणाचा जन्मसुद्धा होत नाही.

दुसरी गोष्ट आई स्वतः सांगायची, कारण त्या दोघी तिनं वाशिमला पाहिल्या होत्या. डॉ. एव्हलिन विथॉफ आणि नर्स जेराल्डिन चॅपेल 1941 साली अमेरिकेहून हिंदुस्थानात यायला निघाल्या. वाटेत फिलिपाइन्स. डिसेंबरात पॅसिफिकमध्ये युद्ध पेटलं आणि दोघी मनिलात अडकल्या. जपान्यांनी शहर घेतलं, अमेरिकन आणि इंग्रज नागरिकांना सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात कोंडलं. तिथं हजारो माणसं होती. शेवटच्या वर्षी तर खायला मूठभर भात आणि पातळ पेज, माणसं उपासमारीनं मरायला लागली. फेब्रुवारी 1945 मध्ये अमेरिकन फौजा आल्या तेव्हा सुटका झाली. तीन वर्षांहून जास्त. या बायकांनी आता घर गाठावं, दार लावून घ्यावं आणि पुन्हा कधी समुद्राचं नाव काढू नये, असंच कुणीही म्हणालं असतं. प्रकृती सावरल्यावर त्या पुन्हा निघाल्या आणि हिंदुस्थानात पोचल्या. ज्या दुखणाइतांसाठी त्या निघाल्या होत्या त्यांतले कितीतरी तोवर मेले असतील. नवे जन्मले असतील. दुखणं मात्र दारात बसलेलं होतं.

आई ही गोष्ट सांगताना नेहमी एकाच ठिकाणी थांबायची. म्हणायची, "तुरुंगात त्यांना ठाऊक तरी होतं का, वाशिम कसं दिसते ते?" पाहिलेलं नसलेलं गाव तीन वर्षं उपाशीपोटी मनात धरून ठेवायचं. मला हे जमलं नसतं. आईलाही जमलं नसतं असं ती म्हणायची, पण त्यावर माझा विश्वास नाही.

या माणसांच्या हेतूंबद्दल गावात बोललं जायचं, हेही मी लपवत नाही. वाशिम तेव्हा मध्य प्रदेशात होतं. त्या सरकारनं 1954 साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली, तिचा अहवाल 1956 ला आला आणि परदेशी पैसा, दवाखाने, धर्मांतर यांवर बरंच कडक लिहिलं गेलं. आजोबा बाप्तिस्मा घेते झाले ते आईच्या जन्मानंतर दहा-अकरा वर्षांनी. इतकी वर्षं ते पाहत होते. भाऊबंदांनी पाणी तोडलं, तेव्हा कुणी म्हणालं, पोरीच्या जिवाच्या बदल्यात देव विकला. आजोबांनी उत्तर दिलं नाही. मीही त्यांच्या वतीनं देणार नाही. माझ्याजवळ एवढंच आहे की पोतंभर ज्वारी सोडून त्यांच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं, आणि ती ज्वारीही त्यांनी आपण होऊन नेली होती.

मालेगावात आईला लोक सिस्टरबाई म्हणायचे. वडील शाळेत मास्तर, पण घर ओळखलं जायचं तिच्या नावानं. गाव चौफुलीवरचं. नागपूर-औरंगाबादचा रस्ता आणि अकोला-वाशिमचा रस्ता इथं एकमेकांना छेदतात, त्यामुळं रात्रभर ट्रक आणि रात्री-अपरात्री दारावर थाप. मेडशीकडून, किन्हीराजाकडून, शिरपूरकडून माणसं यायची. आई कंदील, मग टॉर्च, मग मोबाइल घेऊन दार उघडायची. आणि पहिला प्रश्न तोच, "कुठं दुखतं, बाई?" पुरुष असला तर, "कुठं दुखतं, बापा?" वेदनेनं बोलता न येणाऱ्या माणसापुढंही ती हा प्रश्न सोडायची नाही. उत्तरासाठी थांबायची. मी पुष्कळ डॉक्टर पाहिले, चांगले पाहिले, पण उत्तरासाठी इतकं थांबणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

अकरा गुंडाळ्या धुऊन धुऊन विरल्या, संपल्या. तोवर बाजारात तयार बँडेज मिळू लागलं होतं. निळी तेवढी पेटीत राहिली. ती माझी, असं मी मनात धरलं होतं. काचेत घालून भिंतीवर लावायची, खाली दवाखान्याचं नाव आणि साल लिहायचं, इथवर मी ठरवलं होतं.

आई वारायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सोयाबीनची सोंगणी चालू होती. दुपारी एक मजूर बाई तळहाताला पदर गुंडाळून आली. विळा लागलेला, पदर रक्तानं चिंब. रविवार, दुकानं बंद. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची, हात थरथरायचा, पण जखम धुताना थरथरला नाही. मग तिनं मला पेटी उघडायला सांगितली. मी म्हणाले, जुनं लुगडं फाडते. ती म्हणाली, "गुंडाळी आण." मी पुन्हा म्हणाले. तिनं माझ्याकडं तसंच पाहिलं, लहानपणी ढील दिल्यावर पाहायची तसं. मी आणून दिली. निळी फुलं एकेक वेढ्यानं त्या काळ्या, चिरा पडलेल्या हातावर चढत गेली आणि बाईला वाशिमला टाके घालायला पाठवून दिलं. त्या रात्री मी आईशी बोलले नाही. एका चिंधीसाठी मी आईशी बोलले नाही, हे लिहितानाही बोटं अडतात. प्रार्थनेत तिनं त्या मजूर बाईचं नाव घेतलं आणि मग नेहमीसारखंच म्हणाली, "निळ्या फुलांची चादर जिची होती, त्या बाईला सांभाळ." चादर आता घरात नव्हती, तरी.

शेवटचे तीन आठवडे ती अंथरुणावर होती. घरीच. बोलणं गेलं होतं. मी दिवसातून कितीदा तरी तिच्या कानाशी वाकून विचारायचे, "कुठं दुखतं, आई?" आणि थांबायचे. ती उत्तरासाठी कशी थांबायची हे आठवून तितकंच थांबायचे. उत्तर आलं नाही. एकदा तिनं माझी दोन बोटं धरली आणि हळूच ओढली, ताणली. मला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं.

दफनाला सारं गाव आलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीनं गीत म्हटलं आणि कबरीवर माती टाकायला मुसलमान, मारवाडी, मराठे, बौद्ध सगळे रांगेत उभे राहिले. गर्दी सरल्यावर एक बाई मागं राहिली. घरापर्यंत आली, ओसरीच्या पायरीशी थांबली. तळहातावर आडवी पांढरी खूण होती. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि कापडाचा एक बोळा काढला.

"सिस्टरबाईची पट्टी हाये," ती म्हणाली. "धुवून ठेवली होती व. आणून द्यायले उशीर झाला."

ती पट्टी रिठ्यानं धुतली असावी, वास येत होता. मधे एक डाग राहिला होता. फुलं पुसट झाली होती, पण होती. मी तिला आत बोलावलं. ती आत आली नाही, तिथंच ओसरीत टेकली. दिवसभर मी रडले नव्हते, तेव्हाही नाही. नुसती तो बोळा हातात घेऊन त्याचं टोक शोधत बसले. टोक सापडल्यावर काय करायचं ते कळेना. तिला कसं कळलं कोण जाणे. तिनं माझ्या हातातून ते टोक घेतलं, चार हात मागं सरकली आणि पट्टी ताणून धरली. मी मांडीवर गुंडाळायला लागले. ढील नव्हती. एकेक वेढ्यासरशी मी तिच्याकडं सरकत गेले, आणि शेवटच्या वेढ्याला तिच्या तळहातावरची ती खूण माझ्या बोटांना लागली.