बोलकी यंत्रे आणि आपला खिसा

घरात नवे अवजार आले की आपण त्याला हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो आणि ते आपले झाले असे धरून चालतो. आजवर ते खरेही होते. किर्लोस्करवाडी आमच्या गावापासून फार लांब नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने लोक तो घ्यायला बिचकत, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. पण एकदा पैसे मोजून नांगर बैलगाडीत घातला की कारखान्याचा आणि शेतकऱ्याचा संबंध संपला. फाळ झिजला तर गावचा लोहार भट्टीत घालून धार काढून देई. नांगर कुठे चालला, किती चालला, हे कारखान्याला कळायची सोयच नव्हती.

आता यंत्राच्या पोटात सिम कार्ड बसू लागले आहे. पंप, ट्रॅक्टर, दूध मोजायचे यंत्र, बागेतले हवामानाचे खांब, सगळी बोलू लागली आहेत. यंत्र बोलू लागले तसा व्यापाराचा रिवाजही बदलला. एकदाच विकून मोकळे होण्यापेक्षा दर महिन्याला, दर तासाला, दर एकराला थोडे थोडे घेत राहावे, हे कारखानदाराला परवडू लागले. हे चांगले की वाईट, असे एका शब्दात मला सांगता येणार नाही. पण यंत्र बोलते ते कुणाच्या कानात, एवढे बघितले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आधी चांगले सांगते. आमची विहीर घरापासून बरीच लांब, ओढ्याच्या पलीकडे. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हे मध्यरात्री उठून बॅटरी आणि काठी घेऊन निघत. ओढ्याकाठी सापकिरडू, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. तिथे पोचावे तर वीज गेलेली असे. परत यावे, आडवे व्हावे, की कुणी सांगे आली म्हणून. दार वाजेपर्यंत माझाही डोळा लागत नसे. मग मोबाईल स्टार्टर बसवला. स्टार्टरच्या पेटीत सिम असते. आपण फोन लावायचा आणि आकडा दाबायचा की मोटार सुरू. वीज आहे की नाही, तेही तिकडून कळते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या नावाने असे यंत्र तयार केले. त्यांच्या आजोबांना पंपासाठी अवेळी पायपीट करावी लागे, त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. हे यंत्र मालकाशीच बोलते, आणखी कुणाशी नाही. एकदा विकत घेतले की सिमच्या रिचार्जखेरीज कुणाचे देणे नाही. आमच्या घरी त्याने पैसे किती वाचवले ते मी मोजलेले नाही, पण झोप वाचवली.

दुसऱ्या रीतीची यंत्रे निराळी. त्यांचे मूळ शेतात नसून विमानात आहे. ब्रिस्टल सिडली नावाच्या एका ब्रिटिश कंपनीने १९६२ साली आपल्या ‘व्हायपर’ इंजिनासाठी नवा सौदा काढला. इंजिनाच्या देखभालीची काळजी विमानवाल्याने करू नये, जितके तास विमान उडेल तितक्या तासांचे ठरलेले पैसे द्यावेत, बिघाड झाला तर कंपनी बघून घेईल. ही कंपनी पुढे रोल्स-रॉइसमध्ये सामील झाली आणि तिथे ही पद्धत चांगलीच फोफावली. इंजिन बंद पडले तर उत्पन्न कंपनीचे बुडते, म्हणून ते बंद पडू नये याची चिंताही तिलाच. पुढे इंजिनात मोजमापाची उपकरणे बसली आणि विमान आकाशात असतानाच त्याची खबर जमिनीवर येऊ लागली. कुठला भाग थकत चालला आहे हे आधीच कळले, तर तो बदलणे स्वस्त पडते. रीत जुनीच होती, पण खबर मिळू लागल्यावर तिला बळ आले.

हे वाचले तेव्हा मला तरी त्यात फार परके काही वाटले नाही. मळणी यंत्रवाला पोत्यामागे पैसे घेतो, ट्रॅक्टरवाला तासावर किंवा एकरावर घेतो. त्याही मागे जा. आपल्या गावगाड्यात सुतार वर्षभर औत, कुळव, गाडी दुरुस्त ठेवी आणि सुगीला खळ्यावर येऊन आपले बलुते नेई. दर खेपेला पैसे नाहीत, वर्षाचा ठराव. म्हणजे आज जिला वर्गणी म्हणतात ती एका परीने बलुतेच. (बलुतेदारीत जातीचा जो जाच होता तो मी विसरलेले नाही. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही.) पण एक मोठा फरक आहे. सुताराने काम टाळले तर मामंजी त्याच्या दारात जाऊन उभे राहत. मामंजींनी धान्य कमी घातले तर तोही चारचौघांत बोलून दाखवी. दोघे एकाच गावचे, एकमेकांचे तोंड रोज बघणारे. आजच्या बलुतेदाराचे दार कुठे आहे?

केनियातले उदाहरण घ्या. तिथे एम-कोपा नावाच्या कंपनीने २०१२ पासून सौर दिव्यांचे संच विकायला सुरुवात केली. थोडी रक्कम आधी भरायची, मग मोबाईलवरून रोज थोडे थोडे, साधारण वर्षभर. संचात सिम असते. पैसे थकले की दिवा दुरून बंद होतो, भरले की पुन्हा लागतो. सगळे हप्ते फिटले की संच आपला. ज्या घराला एकरकमी पैसे भरणे जन्मात जमले नसते, त्या घरात पोरे दिव्याखाली अभ्यासाला बसली. सावकाराने भांडी उचलून नेण्यापेक्षा दिवा तात्पुरता बंद होणे बरे, असेही कुणी म्हणेल. मलाही ते बरेचसे पटते, कारण या सौद्याला शेवट आहे. एक दिवस असा येतो की दिव्याची कळ पुरती आपल्या हातात येते.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मात्र नेमके याच जागी आहे. त्यांनी जॉन डीअरचे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर पुरती किंमत मोजून घेतले. पण यंत्रातला संगणक बिघाड दाखवू लागला की काही दुरुस्त्या विक्रेत्याच्या माणसाने आपले सॉफ्टवेअर जोडल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. कापणी तोंडावर, आभाळ भरून आलेले, आणि हातात पाना असूनही शेतकरी वाट बघत बसलेला. आपल्याला हे समजायला भाषांतराची गरज नाही. भांडण वाढत गेले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिथल्या मोठ्या शेतकरी संघटनेशी, अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशनशी, दुरुस्तीबाबत करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांना बरोबर घेऊन कंपनीवर दावा लावला.

आणखी एक बातमी सांगते. २०२२ मध्ये युद्ध चालू असताना युक्रेनमधल्या मेलितोपोल शहरातून विक्रेत्याकडची याच कंपनीची यंत्रे रशियन सैनिकांनी पळवून पार चेचन्यात नेली. तिथे ती सुरूच होईनात, कारण ती दुरून कुलूपबंद केली होती! आमचे धाकटे भाऊजी बातमी वाचून टाळ्या पिटू लागले. चोराची फजिती झाली, बरेच झाले. पण सासूबाई एवढेच म्हणाल्या, “चोराचा बंद करता येतो, तर मालकाचा पण येत असंल की.” त्यावर भाऊजी गप्प बसले.

आपल्याकडे २०१९ साली पीएम-कुसुम योजना आली. तिच्यातून सौर पंप बसले, तेव्हा शेतकऱ्याचा हिस्सा आपल्या राज्यात सर्वसाधारण गटाला दहा टक्के होता. पाच वर्षे देखभाल पुरवठादाराकडे आणि पंपाची खबर दुरून घेणारा डबा सक्तीचा, अशी रीत ठेवली. कल्पना उत्तम आहे. पंप बंद पडला की शेतकऱ्याने सांगण्याआधीच पुरवठादाराला कळावे! आमच्या शेजाऱ्यांचा पंप ऐन उन्हाळ्यात तीन आठवडे बंद होता. डब्याने कळवले असणारच, कारण त्यावरचा दिवा इमानाने लुकलुकत होता. ऐकणारे कुणी नव्हते. शेवटी शेजारीणबाईंनी रोज सकाळी एक याप्रमाणे फोन लावले, तेव्हा माणूस आला. आला आणि अर्ध्या तासात दुरुस्त करून गेला. यंत्र बोलके असून भागत नाही, पलीकडे पगारी कान लागतो, आणि खर्च वाचवायचा झाला की आधी तो कान कापला जातो.

हे सगळे तुम्हाला का सांगत बसले, तर हाच प्रश्न सध्या आमच्या घरात आहे. आमची दोन एकर द्राक्षबाग. एका कंपनीचा विक्रेता महिन्यापूर्वी येऊन गेला. बागेत एक खांब बसवायचा. मातीतला ओलावा, हवेतला दमटपणा, आणि पान किती वेळ ओले राहिले हे तो मोजणार. केवडा, म्हणजे डाऊनी, पसरायला पानावर काही तास ओल लागते. ती नेमकी किती राहिली हे कळले, तर भीतीपोटी होणाऱ्या फवारण्या वाचतील. बागायतदाराला हे काय सांगावे? २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून औषधाचा प्रत्येक थेंब मोजून मारावा लागतो. यांना खांब पसंत आहे आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. एखाद-दुसरी फवारणी वाचली तरी वर्षाचा खर्च निघेल.

पण घरची हिशेबाची वही माझ्याकडे असते. मी त्या विक्रेत्याला चहा दिला आणि विचारले, “दादा, खांब कुणाचा?” तो म्हणाला, “वहिनी, बाग तुमची म्हणजे खांब तुमचाच.” मग मी विचारले की वर्गणी भरली नाही तर काय. तेव्हा सांगितले की मोबाईलवर काही दिसणार नाही. पुढच्या वर्षी वर्गणी किती? ते ठरलेले नाही. आमच्या बागेची मागली आकडेवारी आम्हाला मिळेल का? बघावे लागेल. आणि ती आकडेवारी औषध विकणाऱ्यांना द्याल का? यावर तो हसला.

हसण्यासारखे त्यात काही नाही. २०१३ मध्ये मोन्सॅन्टो या बियाणे-औषधांच्या बड्या कंपनीने हवामानाची आकडेवारी सांभाळणारी क्लायमेट कॉर्पोरेशन ही कंपनी सुमारे ९३ कोटी डॉलरला घेतली. बियाणेवाला एवढे पैसे ऊनपावसाच्या आकड्यांसाठी मोजतो, त्याअर्थी त्या आकड्यांना मोल आहे. ते आमच्या बागेत पिकतात, द्राक्षासारखेच. बाजारात आम्ही द्राक्षाचा भाव करतो, मग यांचा का करू नये? शिवाय पान ओले आहे हे सांगणारा आणि औषध विकणारा एकच असला, तर सल्ला कुणाच्या सोयीने मिळेल, याचाही विचार बाईमाणसाच्या मनात येतोच.

खांब नकोच असे मी म्हटलेले नाही. मी कागद मागितला आहे. तीन वर्षांची वर्गणी आधी ठरवून द्यावी, सोडायचे झाले तर आमचे आकडे आमच्या हाती द्यावेत, आमच्या सहीशिवाय ते तिसऱ्याकडे जाऊ नयेत, आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल ते लिहावे. एकट्या घराला कोण विचारतो, म्हणून शिवारातल्या आणखी चार बागायतदारांना गाठले. पाचजणांच्या सह्यांचे पत्र गेले. त्यावर वर्गणीचे आणि माणूस किती दिवसांत येईल याचे उत्तर लेखी आले आहे. आकड्यांबद्दल ‘वरून कळवतो’ म्हणाले. फळछाटणी पंधरा दिवसांवर आली. हे म्हणतात, खांब आधी बसू दे, कागद मागून येईल. मी चेकबुक कपाटात ठेवले आहे.