पुट्टीखालची फळी

बाणकोटच्या खाडीकाठी आमचे घर आहे. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड. वेसवी ते बागमांडला फेरीबोटीतून आता मोटारीसुद्धा खाडी ओलांडतात. माझ्या लहानपणी अब्बांच्या लाकडी होडीतून माणसे, शेळ्या आणि तांदळाची पोती ओलांडत असत. ती होडी १९७९ साली विकली गेली. माझ्या डी. एड.च्या खर्चासाठी विकली गेली. पुढे अनेक वर्षे मी मुलांना शिकवले, २०१९ साली निवृत्त झालो. पण दाराशी होडी नाही ही बोच मनातून कधी गेली नाही.

म्हणून जानेवारी २०२१ मध्ये दापोली तालुक्यात एक जुनी फायबरची बोट विकायला आहे असे कळले, तेव्हा मी घरात कुणाला न विचारता निघालो. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी ती बोट. आधी टाळेबंदी, मग ३ जून २०२० चे निसर्ग वादळ. मालकाचा धंदाच बसला होता. इंजिन त्याने आधीच विकले होते. बोट आणि ती वाहून न्यायचा दोन चाकी गाडा मिळून ४५ हजारांत सौदा ठरला. बोटीला ताजा निळा रंग होता. मी रंगावर भाळलो. आमची बेगम बोटीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "विकायच्या आधी रंग कशाला काढला असेल हो?" मी उत्तर दिले नाही.

पहिल्यांदा गाड्याने दम काढला. जीपच्या जुन्या एक्सलवर लोखंडी चौकट वेल्ड करून कुणीतरी तो बनवलेला. घरी आणताना वाटेत एक चाक करकरू लागले. उघडून पाहिले तर बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. गावातल्या मेकॅनिकने कारण समजावून सांगितले. रस्त्यावर चालून चाकाची नाभ तापते. तशीच गरम गरम खाऱ्या पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. लोखंडाला मग आतून गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही. गाडा किनाऱ्यावर आणल्यावर अर्धा तास थांबायचे, मग पाण्यात उतरवायचा. वर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा. दोन्ही बाजूंची बेअरिंगे, सील, एक टायर आणि वेल्डिंग यांत ९ हजार गेले.

मार्चमध्ये बोटीकडे वळलो. फायबरच्या बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती नुसती फायबरची नसते. आत प्लायवूड असते आणि दोन्ही अंगांनी फायबरचे कवच. इंजिनाचे बोल्ट त्यातून आरपार जातात. त्या भोकांतून पाणी झिरपले की आतले लाकूड कुजू लागते आणि कवच मात्र गुळगुळीतच राहते. ते ओळखायचे कानाने. मी हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. कडेला आवाज टणक येत होता. मध्यावर आला तो ओल्या भिंतीसारखा, भद्द. एका जुन्या भोकातली पुट्टी खरवडून काढली तर चहाच्या रंगाचे पाणी ओघळले. इंजिन लावून कुणी भर खाडीत नेली असती तर जोराच्या लाटेत फळीसकट इंजिन उखडून पडले असते आणि मागून पाणी आत शिरले असते.

मी मरीन प्लाय, रेझिन, काचतंतूची मॅट, हार्डनर असे ८ हजारांचे सामान आणून ठेवले. कारागीर एप्रिलमध्ये येणार होता. पण १४ एप्रिलपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले आणि त्याच दिवशी पहिला रोजाही होता. कारागीर आलाच नाही. इकडे निसर्गमध्ये उडालेले आमच्या पडवीचे छप्पर अजून ताडपत्रीवरच होते, पावसाळा दीड महिन्यावर आलेला आणि निवृत्तीची शिल्लक संपत चाललेली. त्या दिवसांत माझ्या मनाने एक वाट काढली. मी भोके पुट्टीने बुजवली, घासून सारखी केली आणि वरून निळा रंग दिला. माझा रोजा होता आणि हातात पुट्टीची थापी होती. दुपारी जोहरच्या नमाजला उठलो तेव्हा नखांतली पुट्टी निघता निघेना.

त्या दिवशी अब्बा आठवले, आणि आठवले ते रागानेच. १९७९ साली त्यांच्या होडीला २ हजार रुपये यायचे ठरले होते. गिऱ्हाईक पैसे मोजत असतानाच अब्बांनी त्याला होडीखाली वाकायला लावले आणि तळच्या लाकडात कीड कुठे शिरली आहे ते बोट ठेवून दाखवले. सौदा १४०० वर आला. उरलेल्या ६०० रुपयांसाठी अम्माच्या कानांतले गेले. अठरा वर्षांचा मी, खूप बोललो त्यांना. अब्बा शिकलेले नव्हते. मशिदीत ऐकलेली एक हदीस त्यांनी तेवढी सांगितली. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर वर कोरडे आणि आत ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. एवढे सांगून अब्बा जाळे शिवायला बसले. मला वाटले, हदीस खरी. पण त्यापायी अम्माचे कान उघडे पडले.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात पलीकडच्या काठावरचा एक कोळी तरुण बोट बघायला आला. त्याचा बाप माझा विद्यार्थी. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठण्याआधी त्याला स्वतःची बोट हवी होती. आजवर तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. मी ७५ हजार सांगितले. तो कबूल झाला आणि खिशातून १० हजार काढले. मी म्हटले, "अरे, नीट बघून तरी घे."

तो हसला. "सर, तुमची बोट आहे म्हटल्यावर काय बघायचं?"

त्याने निष्काळजीपणे सौदा केला असता तर कदाचित मी पैसे घेतलेही असते, हे मी इथे कबूल करतो. पण त्याने माझे नाव मध्ये घातले. मी आत जाऊन हातोडी आणली, त्याच्या हातात दिली. "मध्यावर ठोक."

त्याने ठोकले. पुन्हा ठोकले. फायबर त्याला माझ्यापेक्षा अधिक कळत होते. त्याने रंगाकडे पाहिले, मग माझ्याकडे. रंग कोणी दिला, हे त्याने विचारले नाही. पैसे खिशात घातले आणि गेला. बेगमने सारे ऐकले होते. ती एवढेच म्हणाली, "ताडपत्री अजून एक पावसाळा काढेल."

ईद झाली, पाठोपाठ तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. बोट गाड्याला आणि गाडा माडाला बांधून ठेवला होता, त्यामुळे वाचली. वादळानंतर चार दिवसांनी तो तरुण परत आला. "५५ देतो. पण फळी माझ्यासमोर बदलायची." मग आम्ही दोघांनीच काम काढले. आतले कवच कापले. कुजके प्लाय हाताने भुशासारखे निघाले. दोन दिवस ऊन दाखवले, कारण ओलीवर रेझिन धरत नाही. नवे प्लाय बसवले, मॅटचे थर दिले. हार्डनर जास्त पडला तर डब्यातच रेझिन तापून घट्ट होते, म्हणून तो मापात घालायचे काम त्याने स्वतःकडे ठेवले. "सर, हे तुमचं काम नाही," असे तो म्हणाला आणि मी विद्यार्थ्यासारखा मॅट कापत बसलो. पावसाचा पहिला थेंब पडला तेव्हा फळी ठोकून पाहिली. टणक.

हिशेब सांगतो. ४५, ९ आणि ८ मिळून ६२ हजार गेले, ५५ आले. पडवीचे छप्पर पुढच्या वर्षी झाले. अब्बांनी त्या दिवशी ६०० रुपये घालवले, असे मी ४२ वर्षे धरून चाललो होतो. त्यांच्याकडून होडी घेणारा माणूस त्याच खाडीत रोज आपल्या मुलांना घेऊन जात असे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. अब्बा आता नाहीत. माफी मागायची ती दुवेतच मागतो.

तो तरुण दर जुलैअखेर गाडा आमच्या अंगणात आणतो. आम्ही दोघे चाके काढतो, बेअरिंगे पुसतो, नवे ग्रीस भरतो. मग तो हातोडी मागतो, मागच्या फळीवर दोन ठोके मारतो आणि कान देऊन ऐकतो. माझ्या शब्दावर तो आता विसंबत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही.