मुंबईचं सागवान, हार्टलपूलचे हात

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हार्टलपूल हे मालवाहू आगबोटी बांधणारं गाव. विल्यम ग्रेचा तिथला प्रसिद्ध कारखाना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. गोदीकाठचं संग्रहालय पाहायला गेलेल्या माणसाचं लक्ष मात्र आधी वेधून घेते ती शेजारची ‘एचएमएस ट्रिंकोमाली’, आणि ही युद्धनौका बांधली मुंबईच्या गोदीत, १८१७ साली, जमशेटजी बमनजी वाडियांनी. यावर आक्षेप ठरलेला आहे: गावाने स्वतःचं सोडून परक्याचं का मिरवावं? मला हा आक्षेप पटत नाही. ग्रेच्या आगबोटी पोटासाठी बांधलेल्या. म्हाताऱ्या झाल्या की भंगारात जायच्या. गावच्या ‘विंगफील्ड कॅसल’सारखी, हंबर नदीवर उतारू नेणारी १९३४ची चाकाची आगबोट वाचली, हाच अपवाद. म्हणून जहाज कोणी बांधलं एवढंच विचारून भागत नाही. ते कोणी टिकवलं, हेही विचारायला हवं. ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका १९७९ ते १९८७ या काळात इथेच दुरुस्त झाली. ती गेली त्याच वर्षी ट्रिंकोमाली आली, आणि तिचं काम २००१पर्यंत चाललं. कारखाने बंद पडलेल्या गावात कसब शिल्लक होतं, याला आणखी काय पुरावा हवा?

अर्थात, लाकूडच कुजलं असतं तर हे कसब वाया गेलं असतं. ट्रिंकोमालीच्या खालच्या डेकवर वाकून सागवानी तुळयांकडे पाहावं. ओकमधल्या टॅनिनने लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूडही काळं पडतं; सागाचं तेल उलट खिळ्याला सांभाळून घेतं. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत ब्रिटनला ओक पुरेना, म्हणून मलबारचं सागवान मुंबईत आलं. दोन शतकांनंतरही तिचं बरंचसं मूळ लाकूड शाबूत आहे. कोणी म्हणेल, हा साम्राज्याचाच गौरव झाला. नौका साम्राज्याचीच होती, हे खरंच. पण सांधे जुळवले ते मुंबईच्या सुतारांनी, आणि ते काम लपवल्याने साम्राज्य छोटं होत नाही, सुतार मात्र पुसले जातात. त्यांच्यापैकी वाडियांचं नाव तेवढं सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या गोदीत ही नौका घडली ती आज नौदलाच्या ताब्यात असून सामान्य माणसाला तिथे सहज प्रवेश नाही. तेव्हा मुंबईकरांनो, हार्टलपूलला गेलात तर तोफांपाशी थोडं कमी थांबा आणि खालच्या डेकवर जास्त.