विषय बदलायची मुभा

अकरावीचं वर्ष संपत आलं की आमच्या हायस्कूलमध्ये पालक मला भेटायला येऊ लागतात. मराठी पालक असले तर सोबत बहुधा रँकिंगची यादी असते. ‘पहिल्या पन्नासातलं कुठलं मिळेल तेवढं सांगा,’ हा पहिला प्रश्न. त्यात त्यांची चूक नाही. ज्या व्यवस्थेतून ते आले तिथे यादीत वर कोण आणि खाली कोण, यावर आयुष्य ठरत होतं. गंमत एवढीच, की एका टक्क्याने कॉम्प्युटर हुकलं, मेकॅनिकल पदरात पडलं आणि पुढे सगळी नोकरी सॉफ्टवेअरमध्येच केली, असे निम्मे तरी त्यात असतात. स्वतः विषय बदलूनच ते अमेरिकेत पोचले. मुलाने मात्र सतराव्या वर्षी एकदाच काय ते ठरवावं, असा त्यांचा आग्रह.

मी पिट्सबर्गच्या एका उपनगरात कॉलेज कौन्सेलर आहे. पिट्सबर्ग हे तीन लाख वस्तीचं शहर. १९५० साली इथे पावणेसात लाख माणसं राहत होती. पोलादाचे कारखाने बंद पडत गेले तशी वस्ती ओसरली, आणि उरलेल्या शहराचा संसार इस्पितळं आणि विद्यापीठं चालवू लागली. त्यामुळे एवढ्याशा शहरात कॉलेजं मात्र भरपूर, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

ओकलंड भागात फोर्ब्ज अव्हेन्यूवरून चालत निघालं, की कार्नेगी मेलनपासून पिट, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग, पंधरा-वीस मिनिटांवर येतं. पालकांच्या यादीत पहिलं खूप वर असतं, दुसरं बरंच खाली. मला त्या दोघांमधला जो फरक महत्त्वाचा वाटतो, तो यादीत सापडत नाही. कार्नेगी मेलनमध्ये तुम्ही विद्यापीठाला अर्ज करता असं म्हणायचं, प्रत्यक्षात तो आतल्या एकेका शाखेला असतो. कॉम्प्युटर सायन्सचं दार वेगळं, इंजिनिअरिंगचं वेगळं, नाटकाचं तर फारच वेगळं. १९१४ साली अमेरिकेतली नाटकाची पहिली पदवी याच संस्थेने सुरू केली, आणि तिथे अजूनही ऑडिशन द्यावी लागते. आता एखाद्या मुलाला कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्या शाखेत मिळाला, तर घरचे म्हणतात, ‘आत तर शिरू दे, मग बदलून घेईल.’ ही आपल्याकडची रेल्वेच्या डब्याची युक्ती इथे चालत नाही. आतून कॉम्प्युटर सायन्समध्ये जाण्याच्या जागा मोजक्या, आणि त्याची हमी कोणी देत नाही.

पिटमध्ये कला-विज्ञान शाखेत शिरलेल्या मुलाला मुख्य विषय ठरवायला सहसा दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत वेळ असतो. इंजिनिअरिंगला पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, शाखा त्यानंतर निवडायची. म्हणजे केमिकल म्हणून आलेली मुलगी सिव्हिलला गेली तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शिक्षण-आकडेवारी विभागाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, विषय जाहीर केलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनी पहिल्या तीन वर्षांत तो निदान एकदा बदलला होता. विषय बदलणं हा मुलाच्या धरसोडपणाचा पुरावा नव्हे. ते या वयात होतंच. ते झालं तर किती महागात पडेल, हे कॉलेज निवडताना पाहायला हवं.

विषय बदलून नाव काढलेली एक जण, ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिणारी रेचल कार्सन, याच भागातली. पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला, अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावी तिचा जन्म झाला. ती पिट्सबर्गमधल्या मुलींच्या एका छोट्या कॉलेजात इंग्रजी शिकायला आली, लेखिका व्हायचं म्हणून. तिथे जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या वर्गात जाऊन बसली आणि विषय बदलला. १९२९ साली पदवी घेतली ती जीवशास्त्राची. ते कॉलेज म्हणजे आजची चॅटम युनिव्हर्सिटी. २०१५पासून तिथल्या पदवी अभ्यासक्रमांना मुलांनाही प्रवेश मिळतो. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत विषय बदलायचा म्हणजे अर्ज, गुणांची अट, वाट पाहणं. छोट्या कॉलेजात बऱ्याचदा दोन प्राध्यापकांशी बोलून काम होतं. बुजऱ्या मुलांना मी चॅटम आणि तसंच छोटं कार्लोसुद्धा पाहून यायला सांगते ते यासाठी. नाव ऐकलं नाही म्हणून पालकांचा चेहरा पडतो, तेव्हा मी त्यांना पिट्सबर्गमधली एक सोय सांगते. इथल्या कॉलेजांची एक परिषद आहे. तिच्या सभासद कॉलेजातला पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी सत्राला एक विषय दुसऱ्या सभासद कॉलेजात, वेगळी फी न भरता घेऊ शकतो. कार्लोच्या मुलीला कार्नेगी मेलनमध्ये एखादा विषय शिकायला मिळतो, तो असा. इथली कितीतरी मुलं ही सोय न वापरताच पदवी घेऊन बाहेर पडतात.

उलट, मुलगी सतराव्या वर्षीच ठामपणे फार्मसी म्हणत असेल तर ड्यूकेन बघावं. नाच हेच जिचं जगणं आहे तिने डाउनटाउनमधलं पॉइंट पार्क बघावं. ठाम मुलांसाठी निवड सोपी असते, त्यांच्यावर मी फार शब्द खर्च करत नाही.

दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजचं नाव काढलं की मात्र घरात सुतक पडतं. अ‍ॅलेगेनी काउंटीचं कम्युनिटी कॉलेज १९६६ साली सुरू झालं. काउंटीत राहणाऱ्यांना तिथली वर्षाची फी काही हजार डॉलरांत भागते. पेनसिल्व्हेनियातल्या नियमाप्रमाणे तिथले ठरावीक विषयांचे ३० क्रेडिट राज्याच्या मालकीच्या विद्यापीठांना मान्य करावे लागतात. ज्याला काय शिकायचं तेच अजून कळलेलं नाही, त्याने ऐंशी हजार डॉलर भरून ते शोधावं की चार-पाच हजारांत? ‘लोक काय म्हणतील’ याला उत्तर नाही, पण तिथून पुढे विद्यापीठात गेल्यावर पदवीच्या कागदावर शेवटच्या विद्यापीठाचंच नाव छापलेलं असतं.

ऐंशी हजार हा आकडा मी हवेतून काढला नाही. कार्नेगी मेलनचा राहणं-खाणं धरून वर्षाचा छापील खर्च त्याहून जास्तच आहे. पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशाला पिट साधारण निम्म्यात पडतं. पण छापील आकडा बघून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. २०११पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर प्रत्यक्ष खर्चाचा गणक ठेवावा लागतो. त्यात घरचं उत्पन्न खरंखरं भरावं.

मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र येतं. ते मी पालकांसमोर टेबलावर पसरते आणि लाल पेनाने खुणा करते. पहिल्या ओळीतलं अनुदान म्हणजे खरी सूट. दुसरी ओळ वर्क-स्टडी. हे पैसे आधी मिळत नाहीत, मुलाने ग्रंथालयात किंवा कँटीनमध्ये तास भरले की पगार म्हणून येतात. तिसरी ओळ विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर. आणि कधीकधी चौथ्या ओळीत आईवडिलांच्या नावचं कर्ज घालून तळाशी बाकी शून्य दाखवलेली असते. ते शून्य पाहून पेढे वाटायला निघालेली घरं मी पाहिली आहेत. पहिली ओळ सोडून बाकीच्यांवर काट मारायची आणि मग बेरीज करायची. शिवाय अनुदानासाठी किती गुण टिकवावे लागतात आणि शाखा बदलली तर ते राहतं की जातं, हे लेखी विचारून घ्यायचं. विषय बदलायची खरी किंमत बऱ्याचदा त्याच कलमात दडलेली असते.

आईवडिलांच्या एच-१ या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या एच-४ व्हिसावरच्या मुलांचं गणित आणखी वेगळं. त्यांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही. पगारी इंटर्नशिप करता येत नाही, त्यामुळे इंजिनिअरिंग कॉलेजं ज्या को-ऑपची, म्हणजे शिकता शिकता करायच्या पगारी कामाची, जाहिरात करतात, ती त्यांच्या काहीच कामाची नाही. आणि बहुधा पदवी हातात पडण्याआधीच एकवीस वर्षं पूर्ण होतात, तेव्हा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. मूल जन्माने अमेरिकन नागरिक आणि आईवडील एच-१वर असतील, तर मात्र ते मदतीचा अर्ज करू शकतं. हे माहीत नसल्यामुळे अर्जच न भरणारी घरं दरवर्षी भेटतात.

शेवटी कॉलेज बघायला जावं ते फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, बर्फाचा चिखल असताना. एप्रिलमधल्या सहलीत सगळीच कॉलेजं सुंदर दिसतात. पिटला गेलात तर ४२ मजली कॅथेड्रल ऑफ लर्निंगच्या तळमजल्यावरच्या दगडी दालनात मुलाला बसवून द्यावं. तिथे पोरं दिवसभर अभ्यास करत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कुणाला तरी त्याने विचारावं, ‘तू आलास तेव्हा काय शिकणार होतास?’ आईवडिलांनी जवळ थांबू नये. तिसऱ्या मजल्यावर नालंदाच्या धर्तीवर विटांनी सजवलेली भारतीय खोली आहे, २००० साली खुली झालेली, ती बघून यावी. तिथे तास चालू असला तर आत सोडत नाहीत. मग कुठेतरी जाऊन कॉफी प्यावी. पोरांचं बोलणं तेवढ्यात काही संपत नाही.