मॉनिटर घेताना आधी जोडाक्षर बघा

संगणकाचा मॉनिटर घ्यायला गेले की दुकानातला पोरगा दोनच गोष्टी सांगतो: किती इंची आणि किती हर्ट्झ. आमच्या घरी मात्र प्रश्न वेगळा होता. आमच्या सौ. धारवाडच्या, कन्नड शाळेत शिकलेल्या. मराठी लिहायला शिकल्या त्या लग्नानंतर. घरी बसून त्या कन्नड उतारे, वाटणीपत्रे, दाखले मराठीत करून देतात. पडद्यावर डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी. कन्नडमधल्या 'व' आणि 'म'मध्ये फरक जेमतेम एका शेपटीचा. ती पुसट दिसली तर उताऱ्यावरचे आडनावच बदलायचे! जुन्या पडद्यापुढे बसून संध्याकाळी त्यांचे डोके उठायचे. म्हणून खोक्यावरचा एकेक आकडा आम्ही त्यांच्या कामाशी ताडून पाहिला.

इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, रुंदी नव्हे. नेहमीच्या 16:9 आकाराचा 24 इंची पडदा सुमारे 53 सें.मी. रुंद आणि 30 सें.मी. उंच असतो. ए-4 कागद 21 बाय 29.7 सें.मी. म्हणजे दोन कागद शेजारी शेजारी आरामात बसतात. पण वरखालच्या पट्ट्या वजा केल्या की उंचीला कागद कापला जातो. 27 इंची पडदा साडेतेहतीस सें.मी. उंच, त्यात बरेचसे भागते.

मग मोठाच घ्यावा? मेख इथेच आहे. 'फुल एचडी' म्हणजे 1920 बाय 1080 ठिपके. 24 इंचीवर ते इंचाला सुमारे 92 पडतात. तेवढेच ठिपके 27 इंचीवर पसरले की 82. गोळा तेवढाच, पोळी मोठी लाटलेली! इंग्रजी अक्षरे तरीही निभावून नेतात. आपला रफार, अनुस्वार आणि कन्नडचे खाली लटकणारे ओत्तक्षर यांची मात्र दैना होते. 27 इंची घ्यायचा तर 2560 बाय 1440 चा घ्यावा. इंचाला 109 ठिपके मिळतात. अक्षर बारीक वाटले तर विंडोजमध्ये 125 टक्के करता येते.

पॅनेलचे म्हणाल तर व्हीए जातीत काळा रंग गडद दिसतो, अंधारात सिनेमा पाहायला छान. टीएन चपळ, पण खालून-वरून पाहिले की रंग बदलतात. आमच्याकडे ताळा करायला दोघे शेजारी बसतो, तेव्हा बाजूनेही सारखे दिसणारे आयपीएस बरे. 144 हर्ट्झ, 1 मिलिसेकंद हे खेळणाऱ्यांचे लाड. कागदपत्रांना 60 हर्ट्झ पुरतात. (आमचे चिरंजीव याच्याशी सहमत नाहीत.) 'कोट्यवधीस एक' असला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट तर सोडूनच द्यावा, तो मागचा दिवा कमी-जास्त करून काढलेला आकडा. आणि 1 कोटी 67 लाख रंगांतले आम्हाला लागतात दोन, काळा आणि पांढरा.

बारीक अक्षरांत छापलेले 'फ्लिकर-फ्री' मात्र शोधावे. काही पडदे उजेड कमी करण्यासाठी दिवा भराभर उघडझाप करतात; डोळ्याला ते कळत नाही, पण काहींचे डोके दुखते. चकचकीत काचेपेक्षा मॅट पडदा चांगला, आणि स्टँड वरखाली होणारा हवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी.

सौं.नी पेन ड्राइव्हवर एक जुना उतारा नेला होता. दुकानातल्या पोराला म्हणाल्या, "ई हेसरु ओदि." पहिल्या पडद्यावर तो अडखळला. तिसऱ्यावर एका दमात वाचले आणि तोच आम्ही घेतला. बिल करण्याआधी पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून मेलेले ठिपके पाहून घेतले. असे किती ठिपके असले की कंपनी मॉनिटर बदलून देते, हे वॉरंटीच्या कागदावर पाहावे. एका ठिपक्यासाठी सहसा कोणी बदलून देत नाही.