शाळेच्या हद्दीतलं घर

लेकीकडे अमेरिकेत क्युपर्टिनोला आले की दुपारी मी होमस्टेड रोडवर पाय मोकळे करायला जाते. नेमकं तेव्हाच होमस्टेड हायस्कूल सुटलेलं असतं. पाठीवर वाद्यांच्या पेट्या, काखेत स्केटबोर्ड, अंगात हिरव्या-पांढऱ्या जर्सी. पोरं नुसती उधळलेली असतात. कडेला लावलेल्या गाड्यांतून नातवंडांची वाट बघणारी, माझ्याच वयाची माणसं दिसतात.

शाळा उघडली १९६२ साली. त्याआधी या खोऱ्यात जर्दाळूच्या, चेरीच्या, आलुबुखाराच्या बागा होत्या. उन्हाळ्यात बायका आणि शाळकरी मुलं शेडमध्ये फळं कापायला बसत. जर्दाळूच्या अंगावरच्या शिवणीवरून सुरी फिरवायची, अंगठ्यानं बी उडवायची, दोन्ही फोडी लाकडी ट्रेवर उताण्या मांडायच्या, गंधकाची धुरी द्यायची आणि ट्रे उन्हात सोडायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या आल्या, बागा तुटल्या, घरांच्या रांगा उठल्या. त्या घरांतल्या मुलांसाठी क्युपर्टिनो, होमस्टेड, लिनब्रूक, माँटा व्हिस्टा अशा चार शाळा १९५८ ते १९६९ या काळात उभ्या राहिल्या.

होमस्टेडमध्ये जॉन मॅकॉलम नावाचे मास्तर इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. एकेकाळचे नौदलातले वैमानिक. शिस्तीला कडक, पण मर्जी बसली की सुट्या भागांच्या खोलीची किल्ली पोराच्या हातात ठेवणारे. स्टीव्ह वॉझ्नियॅक त्यांचा लाडका. तो १९६८ मध्ये इथून बाहेर पडला, आणि ज्याच्याबरोबर त्यानं पुढे अ‍ॅपल काढली तो स्टीव्ह जॉब्स १९७२ मध्ये.

मला मात्र जॉब्सच्या आईबापांची गोष्ट जास्त जवळची वाटते. जॉब्सच्या आधीच्या शाळेत दांडगाई फार. मुलगा हटून बसला, तिथे पुन्हा जाणार नाही. वडील यंत्रं दुरुस्त करणारे, शिल्लक बेताचीच. तरी पै-पै गोळा करून त्यांनी तीनेक मैलांवर, होमस्टेडच्या हद्दीत, एका जुन्या जर्दाळूच्या बागेत उठलेलं घर घेतलं. किंमत २१,००० डॉलर. मुलाची शाळा बदलायची म्हणून आख्खं घर हललं.

इथे सरकारी शाळेला ना फी, ना डोनेशन, ना आईबापांची मुलाखत. हद्दीत राहा, मूल आपोआप आत. आपल्याकडे घर बघताना पाण्याची वेळ विचारतात, स्टेशन किती लांब ते विचारतात. इथली आपली मंडळी आधी शाळा विचारतात. माझ्या लेकीनंही तेच केलं. त्याच काळातल्या लहान बैठ्या घरांना आता वीस लाख डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. आजचा एखादा मेकॅनिक पै-पै जोडून इथे कसा येणार?

याच रस्त्यावर पूर्वेला अ‍ॅपलचं नवं मुख्यालय आहे आणि त्याच्या आवारात पुन्हा जर्दाळू लावलेत. झाडं परत आणणं जमलं. जॉब्सच्या वडिलांसारख्या माणसाला परवडेल असं घर मात्र या हद्दीत कोणी परत आणलेलं नाही.